एका वर्षाला पाच मीटर

रेवदंड्याच्या खाडीत साधारण दर बारा तास पंचवीस मिनिटांनी भरती येते. वर्षाला सातशेच्या वर भरत्या होतात. टॉलेमीने आपल्या भूगोलात ‘सिमुल्ला’ नावाचं बंदर नोंदवलं ते दुसऱ्या शतकात, आणि त्याच्या आधीच्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या-पुस्तकातही हे बंदर आहेच. हिशेबाला सोपं जावं म्हणून दोन हजार वर्षं धरली, तरी तेव्हापासून कुंडलिका नदीच्या मुखात पाणी चौदा लाख वेळा चढलं आणि चौदा लाख वेळा उतरलं. त्यातल्या कितीतरी भरत्यांबरोबर गलबतं आत आली. कधी घोडे उतरले, कधी दारूचे कुंभ, कधी रेशीम, कधी तोफा, आणि कधी परत जायचं विसरलेली माणसं.

चौलच्या रामेश्वर मंदिरापासून निघावं, रेवदंड्याच्या कोटात शिरावं, खाडीच्या काठाने पुलावर यावं, साळावला उतरून कोर्लईच्या दांड्याच्या टोकापर्यंत जावं. हे सगळं अंतर दहा-बारा किलोमीटर. सकाळी लवकर निघालं आणि रमतगमत चाललं तरी संध्याकाळच्या आत पुरं होतं. दहा किलोमीटरच धरू. दोन हजार वर्षं दहा किलोमीटरवर पसरली तर एका वर्षाच्या वाट्याला पाच मीटर येतात. आपलं एक पाऊल पाऊण मीटरचं असलं तर एका पावलात जवळजवळ दोन महिने मागे पडतात. इतिहासाच्या पुस्तकातली सनावळी डोक्यात राहत नाही. पायाखाली घेतली की राहते, असा माझा अनुभव आहे.

ही पट्टी धरून बघा. पोर्तुगीजांनी १५२४ मध्ये रेवदंड्याचा कोट पुरा केला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हवाली केला. ती २१६ वर्षं म्हणजे एक किलोमीटर ऐंशी मीटर. पेशवाई बुडाल्यापासून स्वातंत्र्यापर्यंतचा इंग्रजी अंमल १२९ वर्षांचा, म्हणजे साडेसहाशे मीटरही नाही. स्वातंत्र्यानंतरचा सगळा काळ चारशे मीटरमध्ये आटोपतो. आपण शाळेत ज्याला ‘पारतंत्र्याचा काळ’ म्हणून पाठ केलं, त्यापेक्षा दीडपटीहून अधिक लांब परकी सत्ता या एका गावाने पाहिली, आणि तिचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात ओळ-दोन ओळींपुरतं येतं.

मुंबईहून समुद्रमार्गे हे ठिकाण पन्नासेक किलोमीटर. शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, आणि त्या गाड्यांतल्या बहुतेकांच्या लेखी हा सगळा पट्टा म्हणजे मुंबईचं लांबचं उपनगर. एके काळी हिशेब उलटा होता. चौल हे शहर होतं, वरचं चौल आणि खालचं चौल अशी त्याची दोन अंगं होती, आणि रेवदंडा हे खालचं चौल, बंदराकाठचं उपनगर. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. चौल मात्र पोर्तुगीजांनी हातचं सोडलं नाही. सात वर्षांनी इंग्लंडच्या राजाने ती मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. कोणतं बंदर ठेवायचं आणि कोणतं द्यायचं याचा तेव्हाचा अंदाज किती चुकला हे आज दिसतं. पण तो अंदाज बांधणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्यासमोर चौलची दीड हजार वर्षांची कीर्ती होती.

ती कीर्ती किती जुनी, याचा एक पुरावा चौलात नाही, बोरिवलीच्या डोंगरात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दानं दिली, त्यांत ‘चेमुल’चे रहिवासी आहेत. इथला माणूस खाडी ओलांडून, साष्टीच्या बेटावर जाऊन, तिथल्या भिक्षूंसाठी दान करून दगडात नाव कोरून आला. चौलात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकाळाचे थर लागले, भूमध्य समुद्राकडून आलेल्या दारूच्या कुंभांची खापरं सापडली. आज तिथे वर नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. वाडीत फिरताना आळ्यातल्या मातीकडे नीट पाहिलं की लाल-काळी खापरं दिसतात. वाडीवाल्यांना त्यांचं अप्रूप नाही. खणताना लागली की बांधावर टाकतात. त्यांचंही खरंच आहे. ज्या जमिनीत वीतभर खणलं की खापर लागतं, तिथे प्रत्येक खापरासाठी थांबलं तर सुपारी लावायची कधी?

चौलबद्दल इकडे सगळ्यांच्या तोंडी एक आकडा आहे: तीनशेसाठ देवळं आणि तीनशेसाठ तळी. मी हा आकडा लहानपणापासून ऐकत आलो. तो कुणी मोजून काढला असेल असं मला वाटत नाही. वर्षाच्या दर दिवसाला एक देऊळ आणि एक तळं, इतकी सुबत्ता, असं सांगण्याची ती रीत आहे. पण चौलात हिंडलं की आकडा खोटा म्हणवत नाही. रामेश्वराची पुष्करणी झाली, पुढे आणखी एक तळं, वळणावर देऊळ, पाखाडीच्या टोकाला दुसरं देऊळ, टेकडीवर हिंगुळजा, त्याच्या पलीकडच्या टेकडीवर दत्त. रामेश्वराच्या मंडपात जमिनीखाली कुंडं आहेत. पाऊस ओढ देई तेव्हा गावाने जमून पर्जन्यकुंड उघडायचं, अशी प्रथा होती. ज्या शहराचं पिण्याचं, शेतीचं आणि देवाचं पाणी असं तळ्या-कुंडांत साठवलेलं होतं, तिथे पाण्याचा साठा हीच श्रीमंतीची मोजदाद असणार. तीनशेसाठ या आकड्याची गाठ पुढे रेवदंड्यात पुन्हा पडते, आणि तिथे तो देवळांचा नाही.

अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला तो ९१५-१६च्या सुमारास. त्याच्या लिखाणात गावाचं नाव ‘सैमूर’ आणि राजाचं नाव झंझ, म्हणजे शिलाहार राजा झंझ. त्याने लिहिलंय की इथे दहा हजार मुसलमान राहतात: काही ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांच्या तंट्याबखेड्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक माणूस राजाने नेमलेला होता. हा आकडा पेलून पाहा. २०११च्या जनगणनेत अलिबाग शहराची लोकसंख्या २०,७४३ होती. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी, एका हिंदू राजाच्या बंदरात, फक्त एका परधर्मीय वस्तीत आजच्या जिल्ह्याच्या मुख्य शहराच्या निम्मी माणसं होती. मसुदीने आकडा फुगवला असं समजून निम्मा केला तरी तो मोठाच राहतो.

त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, १४६९ मध्ये, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच्या एकोणतीस वर्षं आधी. आपल्या पट्टीवर १४५ मीटर. व्होल्गेच्या काठच्या त्वेर गावचा हा माणूस, वाटेत लुटला गेलेला, कर्जबाजारी, कॅस्पियन उतरून, इराण तुडवून समुद्राला लागला आणि होर्मुझकडून गलबताने इकडे आला. मस्कतपासून चौलपर्यंतच त्याचे सहा आठवडे गेले. बरोबर माल काय, तर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव येतो असं त्याने ऐकलं होतं. त्या एका घोड्याच्या खाण्यापिण्यावर आणि वाहतुकीवर आपले शंभर रुबल गेले, असं त्याने वहीत टिपलंय. चौलहून जुन्नरला पोहोचायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. आज हे अंतर मोटारीने काही तासांचं आहे. जुन्नरला खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदललास तर घोडाही देईन आणि वर सोनंही, असं बजावलं, आणि एका खुरासानी ओळखीच्या माणसाने रदबदली केली म्हणून हा बापडा घोड्यासह सुटला. जुन्नरच्या पावसाने तो चक्रावून गेला होता: चार महिने, दिवसरात्र, सगळीकडे पाणी आणि चिखल. त्याचं एक स्मारक २००२ मध्ये रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात उभं राहिलं. मुलं त्याच्या बाजूने खेळायला पळतात.

रेवदंड्यात शिरताना रस्ता कोटाच्या तटातूनच आत जातो. एसटी तटाला जवळजवळ घासून निघते, आणि खिडकीशी बसलेल्याला भिंतीतला दगड हाताच्या अंतरावर दिसतो. इथे उतरून तटाजवळ जाऊन उभं राहावं. काळ्या दगडांच्या सांध्यांत चुना आहे, चुन्यात शिंपल्यांचे पांढरे कण आहेत, नखाने खरवडलं तरी निघत नाहीत. त्या सांध्यांत आता वड-पिंपळाची मुळं शिरली आहेत आणि चारशे-पाचशे वर्षं तोफांना न हललेला दगड ती मुळं दरसाल थोडा थोडा सरकवताहेत. दरवाजावर पोर्तुगालच्या राजाची ढाल आहे. कोटाच्या आत गाव आहे, वाड्या आहेत, रहाटाच्या जुन्या विहिरी आहेत, आणि त्यांच्या मधे मधे छप्पर नसलेली चर्चं आहेत. वाडीत सुपारी वाळत घातलेली असते आणि तिच्यामागची भिंत म्हणजे कुठल्या तरी मठाची भिंत असते.

फ्रान्सिस्कनांच्या मठाचा मनोरा अजून उभा आहे. गाव त्याला सातखणी म्हणतं. उंची शंभर फुटांच्या जवळपास. आतले मजले गेले. खालून वर पाहिलं की चौकोनी आभाळ दिसतं. सातखणी एकटीच माडांच्या वर डोकं काढून आहे, आणि समुद्रातून येणाऱ्या होड्यांना ती अजून खुणेला उपयोगी पडते.

या कोटाभोवती जे घडलं त्याचे आकडे मात्र कोटात मावत नाहीत. १५०८ मध्ये कोट नव्हता, तेव्हाच या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार, दीवचा मलिक अयाज आणि पोर्तुगीज यांची गाठ पडली. लढाईत पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दे आल्मेदा मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांनी खाल्लेला हा पहिला मोठा मार. नाईल नदीवरच्या सुलतानाने कुंडलिकेच्या मुखापर्यंत आरमार धाडावं, इतकी या खाडीची किंमत होती.

पण सगळ्यांत थोरला आकडा १५७०चा आहे. त्या वर्षाच्या अखेरीला अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातलेला होता. दोघांनी ठरवून पोर्तुगीजांना एकदम दोन्हीकडून दाबलं. पोर्तुगीज इतिहासकाराने निजामशहाच्या फौजेची यादी दिली आहे: ३४,००० घोडेस्वार, १,००,००० पायदळ, १६,००० सुरुंग-खंदक खोदणारे, ४,००० लोहार-गवंडी-कारागीर, ३६० हत्ती, ४० मोठ्या तोफा, आणि त्यांतल्या काही तोफांचे गोळे तीनशे पौंडांचे. आत सुरुवातीला मूठभर शिबंदी. मग गोव्याहून फ्रान्सिस्को मास्करेन्यास ६०० माणसं घेऊन मदतीला आला.

तीनशेसाठ हत्ती. देवळं तीनशेसाठ, तळी तीनशेसाठ, हत्तीही तीनशेसाठ! पोर्तुगीज लेखकाला हा आकडा इथल्याच कुणाकडून मिळाला असेल असं मला राहून राहून वाटतं. पण एकदा खरा धरू आणि हिशेब करू. हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा लागतो. तीनशेसाठ हत्तींना रोज ५४ टन. आजच्या दहा टनी ट्रकचे साडेपाच ट्रक, रोज, वेढा उठेपर्यंत. माणसं एकूण १,५४,०००, म्हणजे आजची सात अलिबाग शहरं चौलच्या वाड्यांत उतरल्यासारखी. माणशी पाऊण किलो धान्य धरलं तर दिवसाला ११५ टन. लमाणांचा बैल पाठीवर शंभर-सव्वाशे किलो नेतो, तेव्हा रोज हजारावर बैल छावणीत रिकामे व्हायला हवेत. नगर ते चौल अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मधे सह्याद्रीचा घाट, ओझ्याचा बैल दिवसाला बारा किलोमीटर चालला तर जायला तीन आठवडे, परत यायला तीन. सगळं धान्य देशावरून आणायचं तर वाटेवर एका वेळी जवळजवळ पन्नास हजार बैल हवेत, आणि त्या बैलांचा चारा अजून धरलेला नाही. चौतीस हजार घोड्यांना रोज तीन किलो दाणा दिला तर आणखी शंभर टन. थोडंफार कोकणातून लुटून, विकत घेऊन भागलं असेल, पण अष्टागराच्या या किनारपट्टीची भातखाचरं एवढी फौज महिनाभरही पोसू शकत नाहीत.

एवढ्यावरून सगळं थोतांड म्हणायचं का? नाही. तोफांचा भाग मला पटतो. तीनशे पौंड म्हणजे सुमारे १३५ किलो. बेसॉल्टचा एवढ्या वजनाचा गोळा केला तर त्याचा व्यास पंचेचाळीस सेंटिमीटरच्या घरात जातो. असा गोळा उडवणाऱ्या तोफा निजामशाहीत खरोखर ओतल्या जात होत्या. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान आज विजापूरच्या बुरुजावर आहे, तिचं वजन पंचावन्न टन सांगतात आणि तिच्या तोंडात माणूस बसू शकतो. माणसांच्या आकड्याबद्दल मात्र त्याच इतिहासात एक साक्ष आहे. शेवटच्या निर्वाणीच्या हल्ल्यात निजामशाहीची तीन हजार माणसं पडली आणि मग तह झाला, असं तोच इतिहास सांगतो. १,३४,००० लढवय्यांपैकी ३,००० म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन. सहा-सात महिने चिकटून बसलेली फौज एका हल्ल्यात शंभरातले दोन गेले म्हणून उठून जात नाही. पावसाळा आला होता, रोगराई आणि फितुरी असणार, हे धरूनही दोन्ही आकडे एकत्र बसत नाहीत. मला वाटतं फौज एक चतुर्थांश होती. ती चाळीस हजारांच्या आत भरते. तरीसुद्धा ती अलिबागच्या दुपटीच्या जवळ जाते, आणि तीही दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात, तळ्यांच्या पाण्यावर, माडांच्या सावलीत. चौलची देवळं आणि तळी त्या काही महिन्यांत कशी राहिली असतील, याचा विचार आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

एवढं सगळं जिथे झालं तिथे आज फलक जवळजवळ नाहीतच. मुंबई-पुण्याहून येणारी माणसं तटाजवळून किनाऱ्याकडे जातात आणि वाळूवर घोडागाडीत बसून परततात. रामेश्वरापासून कोर्लईपर्यंत दर पाचशे मीटरला एक असे वीस दगड उभे करायला फार पैसे लागणार नाहीत. प्रत्येकावर एक शतक. ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात होईल.

कोटाच्या जवळच बेथ एल सिनेगॉग आहे, १८४२चं. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला. हे नेमकं कोणत्या शतकात झालं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अठराशे ते दोन हजार वर्षं म्हटलं तर चालेल. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावागावांत त्यांना शनवार तेली म्हणत. त्या चौदा जणांची दुप्पट अठ्ठावीस, तिची छप्पन्न, असं बारा वेळा केलं की ५७,३४४ होतात आणि तेराव्या वेळी १,१४,६८८. आज इस्रायलमध्ये आणि इतरत्र मिळून हा समाज या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांत दुप्पट होणं जेमतेम बारा-तेरा वेळा. एका दुपटीला दीडशे वर्षांहून जास्त. भारताची लोकसंख्या १९६१ ते १९९१ या तीस वर्षांत ४४ कोटींवरून ८४ कोटींवर गेली, म्हणजे एका पिढीत जवळजवळ दुप्पट. दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, जुन्या काळी रोगराई, दुष्काळ आणि बाळंतपणं यांतून समाज टिकून राहणं हेच केवढं काम होतं. आणि टिकले ते मराठी बोलत. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी मराठी नियतकालिक काढलं, मराठीत कीर्तनं केली.

आता पूल. खाली कुंडलिका. ओहोटीला तिचा चिखल उघडा पडतो आणि होड्या कलंडून बसतात. उधाणाच्या भरतीला तेच पाणी तीन-साडेतीन मीटर वर चढतं. हे पाणी सगळं कुंडलिकेचं नाही. मुळशीचं धरण मुळा नदीवर. मुळा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. धरणाचं पाणी टाटांनी बोगद्यातून सह्याद्री भेदून भिऱ्याला उतरवलं, १९२७ मध्ये तिथे वीजघर सुरू झालं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. पाणी पाचशे मीटर कोसळतं. भिऱ्याचं मूळचं दीडशे मेगावॅटचं वीजघर पूर्ण जोराने चाललं तर सेकंदाला तीस हजार लिटरहून जास्त पाणी त्यातून जायला हवं. जे पाणी हजार किलोमीटरहून जास्त वाट चालून आंध्रच्या किनाऱ्याला लागलं असतं, ते रोहा ओलांडून रेवदंड्याच्या पुलाखालून अरबी समुद्रात जातं. जिथे पडलं त्या ढगापासून समुद्र जवळच होता. शंभरेक किलोमीटरच्या आतच ते परत आलं. माणसाने या नदीत घातलेली सगळ्यांत मोठी भर तोफा नाहीत, किल्ले नाहीत. दुसऱ्या समुद्राचं पाणी आहे.

पलीकडे साळावला १९९०च्या दशकात स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला, वर्षाला नऊ लाख टनांच्या क्षमतेचा. निकितिन ज्या खाडीत एक घोडा घेऊन उतरला, तिच्याच काठावर बार्जेस लोहखनिज आणू लागली. त्याच्या शेजारी टेकडीवर बिर्लांचा गणपती आहे आणि तिथून खाडीचं मुख, रेवदंड्याचा माडांचा पट्टा आणि कोर्लईचा डोंगर एका नजरेत येतात.

कोर्लईचा किल्ला आकाराने विलक्षण आहे. लांबी साडेआठशे मीटरच्या घरात आणि रुंदी सरासरी तीस मीटरसुद्धा नाही. शंभर मीटरच्या आत उंचीचा एक अरुंद सोंडेसारखा डोंगर समुद्रात शिरलेला, आणि त्याच्या पाठीवर एकामागे एक दरवाजे. निजामशाहीने इथून रेवदंड्याच्या खाडीचं तोंड दाबून धरलं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला. त्यांच्या इतिहासात शत्रूचे दहा हजार मेल्याचं लिहिलंय. किल्ल्याच्या रुंदीवर उभं राहून या टोकाकडून त्या टोकाकडे पाहिलं की हा दहा हजारांचा आकडा कसाबसा डोंगरासकट पायथ्यावर पसरून बसवावा लागतो. वरून मात्र दोन्ही बाजूंना पाणी दिसतं, आणि एवढ्या चिंचोळ्या जागेसाठी माणसं का मेली हे चटकन समजतं: ज्याच्या हाती ही सोंड, त्याच्या हाती खाडी.

किल्ल्याखाली कोर्लई गाव. चर्च आहे, आगरी-कोळी वस्ती आहे. मासे विकणारी बाई गिऱ्हाईकाशी मराठीत भाव करते आणि मागे वळून घरातल्यांना हाक मारते ती वेगळ्याच भाषेत. ती पोर्तुगीजपासून झालेली बोली, गावातल्या ख्रिस्ती घरांची. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले. तेव्हापासून आज दहा-अकरा पिढ्या झाल्या, पोर्तुगीज राज्य नाही, शाळा नाही, कचेरी नाही, आणि भाषा चालू आहे. शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची मांडणी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. बोलणारे साधारण हजार. खाडीच्या एका काठावर बाहेरून आलेल्यांनी मराठी घेतली आणि ती सातासमुद्रापार नेली. दुसऱ्या काठावर इथल्याच माणसांनी परक्यांची भाषा घेतली आणि परके गेल्यावरही ती सोडली नाही. दोघांमधे पूल ओलांडण्याइतकं अंतर.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. कोर्लईची बोली बोलणाऱ्या एका माणसामागे मराठी बोलणारे त्र्याऐंशी हजार. जनगणनेच्या तक्त्यात ज्या भाषा निदान दहा हजार लोक बोलतात त्यांचीच नावं छापतात. बाकीच्या सगळ्या ‘इतर’ या एका रकान्यात जातात. कोर्लईची बोली तिथेच आहे. देशाच्या कागदावर तिचा आकडा नाही, म्हणून तो घटतो आहे की नाही हेही कागदावरून कळायचं नाही. कोर्लई मोठं गाव नाही. शाळेचे दोन-तीन शिक्षक आणि चर्चमधली तरुण मुलं घरोघर गेली, कुठे आजी नातवंडांशी हीच भाषा बोलते आणि कुठे फक्त आजोबांशी, एवढं वयानुसार लिहून काढलं, तर आठवड्याभरात खरा आकडा हाती येईल. तो आकडा कुणीतरी काढायला हवा, आणि दर दहा वर्षांनी पुन्हा काढायला हवा.